बालवर्गातून मुलाला घरी पाठवणे किंवा काढून टाकणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून महिन्यात गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत तीन-साडेतीन वर्षांची मुले पहिल्यांदा घराबाहेरच्या जगात बसायला शिकतात. गणेश चवथीची सुटी संपून वर्ग पुन्हा भरतात, तेव्हा त्यांतली काही मुले परत येत नाहीत. आईवडिलांनी त्यांना आपणहून काढले असे सगळे समजतात, पण पुष्कळदा खरी गोष्ट वेगळी असते. मी अनेक वर्षे बालवर्गात शिकवले आहे. पालक आणि तरुण शिक्षिका मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. नर्सरी, के.जी., बालवाडी, अंगणवाडी आणि पाळणाघर या सगळ्यांसाठी सोयीपुरता 'बालवर्ग' हा एकच शब्द वापरला आहे. जेथे नियम वेगळे आहेत, तेथे तसे सांगितले आहे.

एवढ्या लहान मुलांना 'निलंबित करणे' किंवा 'काढून टाकणे' असे शब्द लागू होतात का?

होतात, मात्र ते कोणी उच्चारत नाही. पालकांच्या कानी पडणारी वाक्ये साधी असतात. "थोडे दिवस घरीच ठेवा", "याला अकरालाच न्यायला या", "अजून तयार झालेला नाही, पुढच्या वर्षी बघू", "आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही, तुम्ही दुसरीकडे विचारा". यांतली पहिली दोन वाक्ये म्हणजे निलंबन आणि नंतरची दोन म्हणजे काढून टाकणे. ज्या मुलाला रोज दीड तास आधी घरी पाठवले जाते, सहलीला नेले जात नाही किंवा स्नेहसंमेलनाच्या दिवशी 'आणू नका' असे सांगितले जाते, तेही तेवढ्यापुरते वर्गाबाहेर काढलेलेच असते.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट अशी, की यातले काहीच कागदावर येत नाही. हजेरीपटावर मूल आधी गैरहजर दिसते आणि मग 'शाळा सोडली' अशी नोंद होते. निर्णय कोणी, कशामुळे आणि कोणते उपाय करून पाहिल्यानंतर घेतला, हे कोठेही लिहिलेले नसते, त्यामुळे त्याबद्दल कोणाला जाबही विचारता येत नाही. पुढील उत्तरांत 'लेखी' हा शब्द वारंवार येईल, त्याचे कारण हेच आहे.

हे खरोखर इतके घडते का? मोठ्या मुलांना काढतात, हे ऐकले आहे. चार वर्षांच्या मुलाला कोण काढेल?

या बाबतीत अमेरिकेतील अनुभव डोळे उघडणारा आहे. येल विद्यापीठातील वॉल्टर गिलियम यांनी राज्य सरकारांच्या पैशावर चालणाऱ्या पूर्वप्राथमिक वर्गांची देशभर पाहणी करून २००५ साली निष्कर्ष मांडले. त्या वर्गांतून दर हजार मुलांमागे सुमारे ६.७ मुले काढली जात होती, तर त्यापुढच्या बारावीपर्यंतच्या शाळांत हेच प्रमाण हजारी सुमारे २.१ होते. म्हणजे चार वर्षांचे मूल काढले जाण्याचा संभव शाळकरी मुलापेक्षा तिपटीहून अधिक होता. मुलींच्या मानाने मुलगे साडेचारपट काढले जात होते. मात्र ज्या शिक्षिकांना वर्गात येऊन मदत करणारा वर्तनविषयक सल्लागार मिळत होता, त्यांच्या वर्गातून काढल्या जाणाऱ्या मुलांचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी होते. शिक्षिकेवरचा ताण आणि तिच्या हाती असलेल्या मुलांची संख्या यांचाही या प्रमाणाशी संबंध आढळला. याचा अर्थ असा, की मूल वर्गात टिकते की नाही, हे त्याच्या स्वभावाइतकेच वर्गातल्या मोठ्या माणसांना मिळणाऱ्या आधारावर ठरते.

नंतर तेथील शिक्षण खात्याच्या २०११-१२ सालच्या आकडेवारीतून दिसले, की पूर्वप्राथमिक वर्गांत कृष्णवर्णीय मुले सुमारे १८ टक्के होती, पण एकाहून अधिक वेळा निलंबित झालेल्या मुलांत त्यांचे प्रमाण ४८ टक्के होते. डिसेंबर २०१४ मध्ये तेथील केंद्र सरकारच्या आरोग्य आणि शिक्षण या दोन्ही खात्यांनी एकत्रितपणे या प्रथेविरुद्ध धोरण जाहीर केले. गरीब कुटुंबांतील मुलांसाठीच्या 'हेड स्टार्ट' कार्यक्रमाच्या २०१६ सालच्या नियमांत वर्तनामुळे मुलाला काढून टाकण्यास मनाई करण्यात आली आणि निलंबन हा अगदी शेवटचा, तात्पुरता उपाय ठरवण्यात आला.

तो देश वेगळा आणि तेथील समाजाची दुखणी वेगळी, हे खरे. पण आपल्या वर्गातून कोणाची मुले निघून जातात, याकडे प्रामाणिकपणे पाहिले, तर आपल्यालाही काही दिसते. बांधकामावर काम करणाऱ्या, बाहेरून आलेल्या मजुराचे मूल, बोलायला उशीर झालेले मूल, वयाच्या मानाने अंगाने थोराड असल्यामुळे 'एवढा मोठा होऊन असे वागतो' असे ऐकणारे मूल, हीच मुले माझ्या पाहण्यात पुन्हा पुन्हा आली आहेत.

चावणे, मारणे, रडणे यांपैकी वयानुरूप काय आणि काळजीचे काय?

एक ते तीन वर्षे वयाची मुले चावतात. हे आवडण्यासारखे नसले, तरी नवलाचे नाही, कारण त्या वयात शब्दांपेक्षा दात आधी कामाला येतात. दोन ते चार वर्षांच्या मुलाचे जमिनीवर लोळण घेणे, वस्तू हिसकावणे, रांगेत उभे न राहणे आणि आई दिसेनाशी होताच महिनाभर रडणे, हेही वाढीच्या वाटेवरचे टप्पे आहेत. राग आवरणे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे या गोष्टी मेंदूच्या पुढच्या भागावर अवलंबून असतात आणि तो भाग पक्का व्हायला पुढची वीसएक वर्षे लागतात. बालवर्ग असतो तो हे शिकण्यासाठी. पोहता येत नाही म्हणून पोहण्याच्या शिकवणीतून कोणी मुलाला काढत नाही.

काळजीच्या खुणा वेगळ्या असतात. हाक मारली तरी मूल वळून पाहत नाही, दोन वर्षे उलटून गेली तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, आधी बोलत असलेले शब्द विसरले, इतर मुलांकडे पाहतही नाही, साध्या आवाजाने किंवा स्पर्शाने बेभान होते, स्वतःला इजा करून घेते, किंवा चार वर्षे झाल्यावरही रोज आणि सर्व ठिकाणी मारहाण करते. अशा वेळी तपासणी करून घ्यावी. तपासणी ही मदतीची पहिली पायरी आहे आणि तिचा उपयोग मुलाला घालवण्याचे निमित्त म्हणून कोणत्याही वर्गाने करू नये.

गोव्यात कायद्याने बालवर्गातून मुलाला काढता येते का?

या प्रश्नाचे उत्तर मुलाच्या वयावर आणि संस्थेच्या प्रकारावर अवलंबून आहे, म्हणून ते थोडे सविस्तर द्यावे लागेल.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९, हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण (पहिली ते आठवी) पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ सालच्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत अनुत्तीर्ण करण्याची मुभा राज्यांना दिली, पण काढून टाकण्यावरील बंदी कायम ठेवली. अडचण अशी, की या कायद्यात 'बालक' म्हणजे सहा ते चौदा वर्षांचे मूल. म्हणजे पहिलीतल्या मुलाला जे कवच आहे, ते त्याच शाळेच्या आवारातल्या के.जी.मधील त्याच्या धाकट्या बहिणीला नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी कलम ११ मध्ये शासन पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था 'करू शकेल' एवढेच म्हटले आहे, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद ४५ मध्ये २००२ सालच्या ८६ व्या दुरुस्तीनंतर सहा वर्षांखालील मुलांच्या संगोपनाचा व शिक्षणाचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. प्रयत्न आणि हक्क यांत अंतर आहे आणि नेमक्या त्याच अंतरात ही मुले निसटतात. हा कायद्यातला मोठा उणेपणा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही संस्थेला वाटेल तसे वागता येते, असे नव्हे. गोव्याचा स्वतःचा गोवा बाल कायदा, २००३, हा अठरा वर्षांखालील मुलांसाठी आहे, त्यामुळे त्याच्या संरक्षणासाठी सहा वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही. त्यात शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी आहे. मुलाच्या छळाची त्यातील व्याख्या मारहाणीपुरती मर्यादित नसून, माणूस म्हणून मुलाचे जे अंगभूत मोल आणि प्रतिष्ठा आहे, तिला शब्दाने वा कृतीने कमीपणा आणणारे वर्तनही तिच्यात येते. अशा प्रकरणांसाठी राज्यात बाल न्यायालय आहे. सर्व मुलांसमोर 'हा घाणेरडा मुलगा, याच्याजवळ बसू नका' असे म्हणणाऱ्या व्यक्तीने ही व्याख्या एकदा वाचावी.

याखेरीज राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने तीन ते आठ वर्षांचा काळ 'पायाभूत स्तर' म्हणून शालेय रचनेत आणला आणि गोव्यात त्याची अंमलबजावणी २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाली. त्यामुळे पूर्वप्राथमिक वर्ग म्हणजे केवळ खासगी सोय, शिक्षण खात्याचा तिच्याशी संबंध नाही, हा जुना युक्तिवाद आता टिकत नाही.

मुलाला अपंगत्व असेल किंवा तशी शंका असेल, तर?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ प्रमाणे शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा असतो आणि त्यांच्या गरजेनुसार वाजवी सोयी करून द्यायच्या असतात. या कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता, श्रवणदोष, वाचा व भाषादोष, बौद्धिक अक्षमता आणि मेंदूचा पक्षाघात यांचा समावेश आहे. 'आमच्याकडे विशेष शिक्षिका नाही' हे वाक्य संस्थेची अडचण सांगते आणि ती अडचण खरीही असू शकते, पण ते मुलाला नाकारण्याचे कायदेशीर कारण ठरत नाही. अन्याय होत असल्यास राज्याच्या दिव्यांग व्यक्ती आयुक्तांकडे तक्रार करता येते.

अंगणवाडीतून मुलाला काढता येते का?

नाही. अंगणवाडी ही २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेचा भाग आहे आणि त्या वस्तीतील सहा वर्षांखालील प्रत्येक मुलासाठी ती खुली आहे. तेथील आहार, आरोग्य तपासणी आणि पूर्वशालेय शिक्षण या सेवा चांगल्या वागणुकीचे बक्षीस म्हणून दिल्या जात नाहीत. सेविका मुलाला परत पाठवत असेल, तर पर्यवेक्षिकेशी आणि नंतर तालुक्याच्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांशी बोलावे. बहुतेक वेळा सेविकेला मदतनीस नसते किंवा जागा अपुरी असते, आणि तक्रारीपेक्षा तीच बाब वर पोहोचवल्याने प्रश्न लवकर सुटतो.

शिक्षिकेने तोंडी 'काही दिवस घरी ठेवा' असे सांगितले आहे. आम्ही काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे फाटकाशी, मुलाच्या देखत आणि इतर पालकांसमोर हे बोलणे करू नये. भेटीची वेळ मागावी, शक्य असल्यास दोघा पालकांनी जावे, वडील तारवटी (जहाजावर नोकरीला) असतील किंवा आखातात असतील, तर घरातील दुसऱ्या जाणत्या व्यक्तीला बरोबर न्यावे. एकट्या आईला अशा वेळी गप्प बसवणे सोपे जाते, हे मी पाहिले आहे.

भेटीत चार गोष्टी विचाराव्यात. नेमके काय घडले, कोणत्या दिवशी, किती वाजता आणि त्याच्या आधी काय चालले होते? त्या वेळी वर्गात किती मुले आणि किती मोठी माणसे होती? आतापर्यंत कोणते उपाय करून पाहिले? मूल कधी परत येईल आणि ते आल्यावर काय वेगळे केले जाईल? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर सुटीचा काही उपयोग होणार नाही, कारण मूल त्याच वर्गात, त्याच परिस्थितीत परतणार आहे.

घरी आल्यावर त्याच दिवशी मुख्याध्यापिकेला एक छोटे पत्र द्यावे आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. पत्रात रागाचा एकही शब्द नको. "आज अमुक तारखेला आम्हांला पाल्यास घरी ठेवण्यास सांगण्यात आले. त्याचे कारण, कालावधी आणि परतीची तारीख कृपया लेखी कळवावी. पाल्याच्या बाबतीत शाळेला हवे ते सहकार्य करण्यास आम्ही तयार आहोत." एवढा मजकूर पुरे. लेखी उत्तर द्यावे लागणार म्हटल्यावर पुष्कळ निर्णय आपोआप सौम्य होतात, हा माझा अनुभव आहे. 'आम्ही स्वेच्छेने मुलाला काढत आहोत' अशा छापील अर्जावर घाईने सही मात्र करू नये.

यानेही मार्ग निघाला नाही, तर पालक-शिक्षक संघाकडे, तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे, पर्वरी येथील शिक्षण संचालनालयाकडे आणि गोवा राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाता येते. मुलाला मारहाण होत असेल किंवा ते धोक्यात असेल, तर या पायऱ्या चढत बसू नये. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक त्यासाठीच आहे.

ज्या मुलाला चावले, त्याच्या पालकांनी काय करायचे? त्यांच्या मुलाच्या सुरक्षिततेचे काय?

हा प्रश्न पूर्णपणे रास्त आहे आणि तो टाळून या विषयावर बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या मुलाच्या दंडावर दातांचे वळ पाहून आईला जे वाटते, ते कोणत्याही धोरणाने कमी होत नाही. त्या पालकांना त्याच दिवशी, शाळेने स्वतः होऊन, काय झाले हे सांगितले पाहिजे. जखम साबण-पाण्याने धुतली का, त्वचा फाटली होती का, फाटली असल्यास डॉक्टरांना दाखवा, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. संध्याकाळी आंघोळ घालताना आईला वळ सापडतो, तेव्हा तिचा शाळेवरचा विश्वास जातो आणि मग 'त्याला काढा' याखेरीज तिच्याकडे मागण्यासारखे काही उरत नाही.

पालकांना मागण्याचा हक्क आहे तो आपले मूल सुरक्षित असण्याचा. ते कसे साधायचे, हे ठरवण्याची जबाबदारी शाळेची आहे. काही आठवडे त्या दोन मुलांच्या मध्ये एक मोठे माणूस ठेवणे, खेळण्यांची संख्या वाढवणे, दोघांना वेगवेगळ्या गटांत बसवणे, हे उपाय उद्यापासून करता येतात. चावणाऱ्या मुलाचे नाव इतर पालकांना सांगू नये आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटात त्यावर चर्चा तर अजिबात होऊ देऊ नये. मी एका चार वर्षांच्या मुलाचे नाव अशा गटातून तीन गावांत पोहोचलेले पाहिले आहे. पुढच्या शाळेत तो दाखल होण्याआधीच त्याची कीर्ती तेथे जाऊन पोहोचली होती.

मी शिक्षिका आहे. वर्गात पस्तीस मुले आणि मी एकटी. अशा मुलाला ठेवू तरी कशी?

तुमची अडचण खरी आहे आणि ती आधी मान्य केली पाहिजे. २०१३ सालच्या राष्ट्रीय बाल संगोपन व शिक्षण धोरणात तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक आणि तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक मोठी व्यक्ती असावी, असे प्रमाण दिले आहे. पस्तीस मुलांत एकटी असताना तुम्ही हताश झालात, तर तो तुमचा दोष नाही. व्यवस्थापनाकडे मदतनीस मागा आणि तीही मागणी लेखी करा.

तोपर्यंत एक काम करता येते आणि त्याला पैसे लागत नाहीत. दोन आठवडे एका वहीत तीन रकाने आखा. घटनेच्या आधी काय चालले होते, मुलाने काय केले, आणि त्यानंतर काय झाले. वेळही लिहा.

माझ्या वर्गातील एक मुलगा जुलैमध्ये अचानक शेजारच्या मुलांना ढकलू आणि बोचकारू लागला. जूनमध्ये तो शांत होता, म्हणून घरी काही बिनसले असेल, असे मला वाटले. बारा दिवसांच्या नोंदी समोर ठेवल्यावर दिसले, की पाऊस कोसळत असतानाच हे घडते. आमच्या वर्गावर पत्रे होते. जुलैचा पाऊस त्यांवर पडू लागला, की माझा आवाज मलाच ऐकू येत नसे. त्या मुलाला तो आवाज सोसवत नव्हता आणि तो त्या आवाजापासून लांब जाण्यासाठी वाट काढत होता. वाटेत जो येई, त्याला ढकलले जाई. शेजारच्या कौलारू खोलीत आवाज कमी येत असे. मोठी सर सुरू झाली, की त्याला दोन मुलांसह तेथे नेऊन ठोकळे द्यायचे, एवढाच उपाय आम्ही केला. ढकलणे थांबले. त्याच्या आईला मी आवाजाबद्दल सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मिक्सर लावला, की हा मागच्या दाराने पळतो. सगळीच मुले पळतात असे मला वाटले होते."

हे मी यशाची गोष्ट म्हणून सांगत नाही, कारण त्याच्या काही वर्षे आधी मी स्वतः नेमके उलट वागले होते. एका मुलाच्या आईला मी "आठ दिवस घरी ठेवा" असे सांगितले. ती एका हॉटेलात सफाईचे काम करत होती, तिला सुटी मिळण्यासारखी नव्हती. आठवड्याने मला कळले, की त्याची दहा वर्षांची बहीण आपली शाळा बुडवून त्याला सांभाळत होती. माझ्या एका वाक्याने दोन मुले शाळेबाहेर गेली होती. तो मुलगा परत आला नाही. मी वही आखून नोंदी ठेवू लागले, ती त्यानंतर.

बहुतेक नोंदींतून ठरावीक वेळा पुढे येतात. हात धुण्याची रांग, खाऊच्या आधीची पंधरा मिनिटे, खेळ आवरून खाली बसण्याचा क्षण आणि घरी जाण्याआधीची ताटकळ. म्हणजे मुले रिकामी असतात, तेव्हा. रांग दोन गटांत करणे, बदलाच्या आधी एखादे ठरलेले गाणे म्हणणे, पुढे काय होणार याची चित्रे भिंतीवर लावणे, त्या मुलाला हातात धरण्यासारखे एखादे काम देणे, आणि ते नीट वागत असताना त्याच्याकडे पाहून तसे बोलून दाखवणे, हे उपाय पस्तीस मुलांतही जमतात. सगळे एकदम करू नका. नोंदीत जी वेळ सर्वांत जास्त दिसते, तिच्यापासून सुरुवात करा.

घरी मराठी किंवा कोकणी आणि वर्ग इंग्रजी. याचा वागण्याशी संबंध असतो का?

असतो, आणि तो आपण फार कमी लेखतो. सत्तरी किंवा डिचोली तालुक्यातील एखादे मूल घरी मराठीत आणि कोकणीत अखंड बोलत असते आणि इंग्रजी के.जी.मध्ये बसवल्यावर महिनोन्महिने मुके होते. नवी भाषा कानावर पडू लागली, की काही मुले काही काळ गप्प राहतात. ते आजाराचे लक्षण नसते. पण 'मला शू लागली', 'त्याने माझी पेन्सिल घेतली', 'मला आई हवी' एवढे सांगण्यासाठीही शब्द नसतील, तर मूल हाताने बोलते. घरी कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलांवर तर हा भार दुहेरी असतो, कारण मधल्या सुटीतली भाषाही त्यांची नसते. पायाभूत स्तरावर शिकणे मुलाच्या घरच्या भाषेतून व्हावे, असे २०२० चे धोरणही सांगते. वर्गाचे माध्यम कोणतेही असो, शिक्षिकेला मुलाच्या भाषेतले दहा शब्द तरी यावेत: पाणी, शू, दुखते, भूक, आई, थांब, माझी पाळी, मदत, नको, ये. 'इंग्रजी कळत नाही, म्हणून लक्ष देत नाही' या कारणाने मूल काढले जात असेल, तर त्यात मुलाची काहीही चूक नाही.

तपासणी कोठे करावी?

सुरुवात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून किंवा नेहमीच्या बालरोगतज्ज्ञापासून करावी. कान आधी तपासावेत. वारंवार सर्दी होऊन कानात पाणी साठलेले मूल 'ऐकत नाही' म्हणून बदनाम होते, आणि ते अक्षरशः खरे असते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या विकासातील उशिराचीही तपासणी होते आणि पुढील उपचारांसाठी मुलांना शीघ्र हस्तक्षेप केंद्रांकडे पाठवले जाते. बांबोळी येथे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे. बालविकास आणि कुटुंब मार्गदर्शनाच्या क्षेत्रात 'सेतू' ही स्वयंसेवी संस्थाही गोव्यात काम करते. तज्ज्ञांकडे जाताना शिक्षिकेच्या नोंदींची वही बरोबर न्यावी. 'फार मस्ती करतो' या वाक्यापेक्षा ती कितीतरी उपयोगी पडते.

लंगोट सुटलेला नाही, म्हणून प्रवेश नाकारता येतो का?

अनेक खासगी वर्ग तशी अट घालतात. तीन वर्षांच्या मुलाकडून अधूनमधून कपडे ओले होणे ही सामान्य गोष्ट आहे. दप्तरात कपड्यांचे दोन जोड ठेवावेत आणि ठरावीक वेळी मुलाला नेऊन आणावे. विकासातील अडचणीमुळे उशीर होत असेल, तर वर सांगितलेली वाजवी सोयींची तरतूद येथेही लागू होते.

घरी दोन फटके दिले, तर सुधारेल ना?

नाही. चार वर्षांचे मूल दुपारच्या फटक्याचा संबंध सकाळच्या चावण्याशी जोडू शकत नाही, पण राग आला की मोठी माणसे हात उगारतात, एवढे मात्र नीट शिकते. शाळेत काय झाले, ते घरी एकदाच, शांतपणे बोलावे आणि तो विषय तेथेच संपवावा.

शाळेने किंवा पाळणाघराने आपले धोरण कसे लिहावे?

एक पान पुरेसे आहे. वर्तनाच्या कारणावरून कोणत्याही मुलाला काढले जाणार नाही, हे पहिले वाक्य असावे. एखाद्या दिवशी मुलाला घरी पाठवण्याची वेळ आलीच, तर तो निर्णय केवळ मुख्याध्यापिका घेईल, कारण लेखी देईल आणि परतीची तारीख त्याच कागदावर असेल. वर्गशिक्षिकेने एकटीने तो निर्णय घेऊ नये, कारण घटनेनंतरच्या तासाभरात कोणीही माणूस शांत नसते. कोणती नोंद ठेवायची, पालकांना किती दिवसांत भेटायचे, तज्ज्ञांचा सल्ला कधी घ्यायचा, हेही त्यात यावे. हे पान प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक पालकाला मराठीत किंवा कोकणीत द्यावे. वर्षाच्या शेवटी किती मुले मध्येच गेली आणि का गेली, याची यादी पालक-शिक्षक संघासमोर नावांशिवाय ठेवावी. हे करण्यास संस्था कचरतात, पण ज्यांनी कोणाला घालवलेले नाही, त्यांना कचरण्याचे कारण नाही.

दुसरी शाळा खरोखरच मुलासाठी अधिक चांगली असेल, तर?

तसे असू शकते. लहान वर्ग, घराजवळची जागा, घरची भाषा यांमुळे मूल दुसरीकडे फुलते. मात्र पालकांनी दोन्ही ठिकाणे पाहून ठरवले, नव्या जागी प्रवेश निश्चित झाला, आणि तोवर मूल जुन्या वर्गात येत राहिले, तरच ती निवड म्हणता येईल. आजची जागा बंद आणि उद्याची माहीत नाही, या स्थितीला निवड म्हणू नये. जुन्या शिक्षिकेने नव्या शिक्षिकेला मुलाला काय आवडते आणि ते कशाने शांत होते, हे पालकांच्या संमतीने सांगावे. त्याने काय काय केले, याची यादी देऊ नये.

मुलाला आधीच काढले आहे. त्याला काय सांगायचे?

खरे सांगावे, पण त्याला पेलेल एवढेच. 'तू वाईट वागलास म्हणून बाईंनी काढले' असे सांगू नये, आणि 'शाळेला सुटी आहे' असेही नको, कारण शेजारची मुले गणवेश घालून जाताना त्याला दिसतात. "त्या वर्गात तुला त्रास होत होता आणि बाईंनाही मदत करता आली नाही. आम्ही तुझ्यासाठी दुसरा वर्ग शोधतो आहोत" असे सांगता येते. ते पुन्हा पुन्हा विचारील, तेव्हा पुन्हा पुन्हा तेच सांगावे. सकाळची वेळ तशीच ठेवावी: त्याच वेळी उठणे, आंघोळ, नाश्ता, आणि मग घरातल्या कोणाबरोबर तासभर ठोकळे, चित्रे, गोष्ट. ज्या मित्राचे नाव ते घेते, त्याच्या घरी बोलून संध्याकाळी दोघांना खेळायला एकत्र आणावे. आणि नव्या वर्गात पहिल्या दिवशी पूर्ण वेळ सोडू नये. पहिला आठवडा अर्धा-पाऊण तास, घरचे माणूस व्हरांड्यात त्याला दिसेल असे बसलेले, आणि आपण किती वाजता न्यायला येणार, हे सांगितलेल्या वेळेलाच येऊन त्याला दाखवून द्यावे.